जुनं दमदार कार्ड की नवं स्वस्त कार्ड? १०८० टीआय आणि ३०५० समोरासमोर ठेवून बघूया

भाच्याने एका संध्याकाळी ग्राफिक्स कार्डांचे, म्हणजे पीसीत पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाचे, दोन फोटो पाठवले. एकात कुणीतरी वापरून विकायला काढलेलं जीटीएक्स १०८० टीआय, दुसऱ्यात दुकानातलं पेटीबंद आरटीएक्स ३०५०. खाली लिहिलं होतं, "मावशी, एकाची मेमरी जास्त आहे, दुसऱ्याचा नंबर मोठा आहे. किमतीत फार फरक नाही. कुठलं घेऊ?"

पहिल्यांदा पीसी असेंबल करायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा पेच पडतो. बजेट ठरलेलं असतं आणि तेवढ्यात दोनच वाटा दिसतात. काही वर्षांपूर्वीचं सगळ्यात वरच्या पायरीचं कार्ड सेकंडहँड घ्यायचं, नाहीतर अलीकडचं सगळ्यात खालच्या पायरीचं कार्ड नवं कोरं घ्यायचं. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही, उलट त्यालाच प्रश्न विचारत गेले. ते प्रश्न त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. उदाहरणाला हीच दोन कार्डं घेतली आहेत, पण रीत कुठल्याही जोडीला चालेल.

पायरी १: नाव फोडून वाचा

ही दोन्ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या नावातला आकडा सलग वाचायचा नसतो. शेवटचे दोन अंक वेगळे काढा. १०८० मध्ये '१०' ही पिढी आणि '८०' हा त्या पिढीतला हुद्दा. ३०५० मध्ये '३०' पिढी, '५०' हुद्दा. मागे लागलेलं टीआय म्हणजे त्याच हुद्द्यातली जास्त ताकदीची आवृत्ती. प्रतिस्पर्धी एएमडीच्या आरएक्स ६६०० मध्ये पहिला ६ पिढीचा आणि दुसरा ६ हुद्द्याचा. पिढीवरून कळतं की कार्डाला काय काय येतं. हुद्द्यावरून कळतं की त्याच्या अंगात बळ किती. पुढचा सगळा लेख या दोन गोष्टींच्या ओढाताणीचाच आहे.

१०८० टीआय मार्च २०१७ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आलं. आरटीएक्स ३०५० जानेवारी २०२२ मध्ये २४९ डॉलरला. मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली आणि किंमत अडीच पटीहून खाली आली. आज एकाच भावात दिसत असली तरी दोन्ही कार्डं वेगवेगळ्या कामासाठी घडवलेली आहेत.

इथेच एक सापळा आहे. ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. जानेवारी २०२२ चं मूळ कार्ड ८ जीबीचं, २५६० कोरचं (कोर म्हणजे गणित करणारे छोटे भाग), १२८ बिट मेमरी बसचं (बस म्हणजे मेमरीपर्यंतचा रस्ता) आणि १३० वॅटचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं, पण त्यात मेमरी कमी करून काम भागलेलं नाही. कोर २३०४ वर आले, बस ९६ बिटवर आली आणि वीज ७० वॅटवर. हे एक स्वतंत्र, बरंच हळू कार्ड आहे. भाच्याने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला तर पेटीच्या कोपऱ्यात '६ जीबी' लिहिलेलं होतं. त्याने ज्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहिले होते ते सगळे ८ जीबीचे. असाच प्रकार पूर्वी १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी कार्डांत झाला होता, तिथेही मेमरीसोबत कोरची संख्या वेगळी होती. म्हणून नावापुढचा मेमरीचा आकडा हा नावाचाच भाग समजा, आणि दुकानदाराला विचारतानाही पूर्ण नाव घ्या. ("३०५० आहे का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "आहे" असंच येईल.)

पायरी २: कार्डाआधी स्वतःच्या पीसीची यादी करा

कागदावर पाच गोष्टी लिहा: मॉनिटर, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॅबिनेटमध्ये आडवी जागा किती सेंटिमीटर.

मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) पाहा. १९२० बाय १०८० (म्हणजे १०८० पी) आणि ६० हर्ट्झ असेल तर सेकंदाला साठापेक्षा जास्त फ्रेम, म्हणजे चित्रं, काढणाऱ्या कार्डाची वरची ताकद पडद्यावर फारशी दिसणारच नाही. १४४० पी किंवा १४४ हर्ट्झ असेल तर गोष्ट वेगळी. मागचं पोर्टही पाहा. जुन्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए असतं आणि १० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांतून व्हीजीएचा सिग्नल निघत नाही. त्यासाठी आतमध्ये चिप असलेला अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारा जोड चालत नाही.

एसएमपीएसकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. मी सगळ्यात आधी बघते. १०८० टीआयला २५० वॅट लागतात, एक ८ पिन आणि एक ६ पिन अशा दोन केबल लागतात, आणि कंपनीची शिफारस ६०० वॅटच्या एसएमपीएसची आहे. कॅबिनेटसोबत आलेल्या, नाव नसलेल्या '४५०' लिहिलेल्या डब्यावर हे कार्ड लावू नका. मोलेक्सचे जोड वापरून केबल 'बनवून' देणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. त्या जोडांच्या तारा एवढा प्रवाह सतत वाहून न्यायला केलेल्या नसतात, त्या वितळतात. चांगला नवा एसएमपीएस घ्यावा लागणार असेल तर त्याची किंमत जुन्या कार्डाच्या किमतीत मिळवूनच तुलना करा. बऱ्याच वेळा निकाल इथेच लागतो.

प्रोसेसर सात-आठ वर्षांपूर्वीचा, चार कोरचा असेल तर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत दोन्ही कार्डांचा आकडा जवळजवळ सारखा येईल, कारण तिथे अडतो तो प्रोसेसर. मदरबोर्डाची पीसीआयई पिढी (कार्ड ज्या मार्गाने जोडलं जातं त्याची आवृत्ती) लिहून ठेवा, ती लगेच पुढे लागणार आहे. जागेचं म्हणाल तर कंपनीचं मूळ १०८० टीआय २६७ मिलिमीटर लांब आहे, आणि तीन पंख्यांची काही मॉडेलं त्याहूनही लांब.

पायरी ३: कुठले आकडे बोलतात, कुठले फसवतात

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे कोरची संख्या. १०८० टीआयमध्ये ३५८४ कोर आहेत. आरटीएक्स ३०६० मध्येही ३५८४च आहेत. तरीही ते दोन सारखे कोर नव्हेत. ३० मालिकेत प्रत्येक गटातले निम्मे कोर एका वेळी दशांशाचं गणित करतात किंवा पूर्णांकाचं, दोन्ही एकदम नाही. त्यामुळे कागदावर संख्या फुगलेली दिसते. त्याच कारणाने टेराफ्लॉप्सचा (सेकंदाला किती गणितं होतात त्याचा) आकडाही पिढी बदलली की तुलनेला उपयोगी पडत नाही. कोर मोजायचे तर एकाच पिढीतल्या दोन कार्डांचे मोजा.

मेमरीचे आकडे जास्त खरं बोलतात. एक सोपं गणित करून ठेवा: बसची रुंदी भागिले ८, गुणिले मेमरीचा वेग. १०८० टीआयची बस ३५२ बिट, वेग ११ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ४८४ जीबी. ३०५० च्या ८ जीबी कार्डाची बस १२८ बिट, वेग १४, म्हणजे २२४ जीबी. निम्म्याहून कमी. रस्ता जितका जास्त पदरी तितका माल जास्त जातो, आणि २०१७ च्या कार्डाचा रस्ता खरोखर ऐसपैस आहे. मोठ्या रिझोल्यूशनवर जुनी वरच्या दर्जाची कार्डं तग धरतात ती याच्या जोरावर.

पण नव्या पिढ्यांनी या रस्त्यावरची गर्दीच कमी केली आहे. चिपच्या आतच मोठी कॅश ठेवली की मेमरीपर्यंत वारंवार जावं लागत नाही. १०८० टीआयमध्ये एल२ कॅश ३ एमबीहून कमी आहे, आणि २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये २४ एमबी. म्हणून ४०६० ची बस १२८ बिटच असूनही ते १०८० टीआयच्या पुढे जातं. ३०५० मध्ये ही मोठी कॅश नाही, त्यामुळे त्याला अरुंद रस्त्याचा फटका पुरेपूर बसतो.

मेमरी किती आहे याचा परिणाम वेगळ्या तऱ्हेने होतो. ती पुरते तोवर तिचं अस्तित्व जाणवत नाही. संपली की खेळ अडखळायला लागतो, कारण जास्तीचा माल पीसीच्या रॅममधून पीसीआयई मार्गाने आणावा लागतो. आणि इथे मदरबोर्ड आठवा. ३०५० जोडलं जातं फक्त ८ लेनने (लेन म्हणजे पीसीआयई मार्गाचे पदर). जुन्या, पीसीआयई ३ च्या बोर्डावर या ८ लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी आणतात. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग २२४ असताना मधूनच ८ ची वाट. म्हणून तो झटका डोळ्यांना दिसतो. १०८० टीआयकडे ११ जीबी मेमरी आहे आणि पूर्ण १६ लेन. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी मेमरी, त्यामुळे जुन्या बोर्डासाठी ते कार्ड मी कुणालाच सुचवत नाही.

पायरी ४: चाचण्यांचे व्हिडिओ कसे बघायचे

रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं) बंद, साधं रेंडरिंग, १०८० पी किंवा १४४० पी: अशा चाचणीत १०८० टीआय हे ३०५० च्या ८ जीबी कार्डाला स्पष्ट मागे टाकतं. त्याची बरोबरी होते साधारण ३०६० शी. यात शंका नाही आणि जुन्या कार्डाचे चाहते म्हणतात ते खरं आहे.

मात्र व्हिडिओ बघताना तीन गोष्टी तपासा. दोन्हीकडे सेटिंग तेच आहे का? दुसरं, ३०५० चा आकडा डीएलएसएस (एनव्हिडियाची वेग वाढवायची युक्ती, पायरी ५ मध्ये येईल) चालू करून दाखवलाय का? तसं असेल तर ती दोन वेगळ्या चित्रांची तुलना झाली. तिसरं, सरासरीशेजारी 'वन परसेंट लो', म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, दिलाय का? साठ फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सरासरी साठ असूनही मधूनच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद घेत असेल तर खेळ हिसके देतो, आणि सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. मला सरासरी ७० आणि लो ३० पेक्षा सरासरी ६० आणि लो ५० असलेलं कार्ड केव्हाही चालेल.

चाचणीची तारीखही बघा. २०१९ च्या खेळांवर केलेली तुलना २०१९ पुरती.

पायरी ५: जुन्या कार्डाला काय येत नाही

या पायरीला वेळ द्या. इथवर बळाची तुलना झाली, आता पिढीचा हिशोब आहे, आणि माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं ते इथेच.

पहिली गोष्ट रे ट्रेसिंगची. ३०५० वर रे ट्रेसिंग लावून जड खेळ खेळणं फारसं सुखाचं नाही, म्हणून पूर्वी मी ते हिशोबातच धरत नसे. पण आता काही खेळ त्याशिवाय सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस या दोन्हींना रे ट्रेसिंग करू शकणारं हार्डवेअर आणि ८ जीबी मेमरी ही किमान अट आहे. १०८० टीआय कितीही ताकदवान असलं तरी त्याच्यापुढे दार बंद. (आणि ६ जीबीचं ३०५० मेमरीच्या अटीत बसत नाही, हेही लक्षात घ्या.) ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅलन वेक २ आला तेव्हा तो मेश शेडर या तंत्रावर उभा होता. १० मालिकेत ते नाही, त्यामुळे सुरुवातीला या कार्डांवर तो अक्षरशः रांगत होता. पुढे मार्च २०२४ च्या अपडेटने सुधारणा झाली, पण दर वेळी कुणी मागे वळून तुमच्या कार्डाकडे बघेल असं नाही.

दुसरं डीएलएसएस. यात चित्र लहान आकारात काढून मोठं केलं जातं. १०८० पी वर क्वालिटी मोड लावला तर आतून १२८० बाय ७२० चंच चित्र काढलं जातं. इतक्या लहान चित्रातून नीट चित्र उभं करायला एआयच्या गणिताचे खास टेन्सर कोर लागतात, आणि १०८० टीआयमध्ये ते नाहीत. त्याला अशाच कामाचं एएमडीचं एफएसआर वापरता येतं, आणि ती खरीच मोठी सोय आहे. पण १०८० पी सारख्या कमी रिझोल्यूशनवर एफएसआर २ मध्ये केस, तारा, झाडांची पानं चमचमतात, डीएलएसएसमध्ये ती जास्त शांत दिसतात. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम बनवून भरणं) मात्र ३०५० लाही एनव्हिडियाचं मिळत नाही, ते ४० मालिकेपासून.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार, म्हणजे ड्रायव्हर, कार्ड आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर. पास्कल पिढीसाठी, म्हणजे १० मालिकेसाठी, नव्या खेळांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. कार्ड त्या दिवशी बंद पडलं नाही, जुने खेळ चालतच राहतील. पण यापुढे आलेल्या खेळात काही बिघडलं तर तो दुरुस्त करून देणारा ड्रायव्हर येणार नाही. एका कार्डाला आठ वर्षांहून जास्त साथ मिळाली, आणि ती कौतुकाचीच गोष्ट आहे. मात्र तुम्ही ते कार्ड आज विकत घेणार आहात, म्हणजे साथ संपल्यावर.

खेळाबाहेर काम असेल तर फरक आणखी रुंद होतो. यूट्यूबवर एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ असतात. ३०५० ते स्वतः उलगडतं, १०८० टीआय ते प्रोसेसरवर ढकलतं. स्ट्रीमिंग करणाऱ्यांना ३०५० चा एनकोडर त्याच बिटरेटवर जास्त स्वच्छ चित्र देतो. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकत असाल तर आरटीएक्स कार्डावर ऑप्टिक्स ही एनव्हिडियाची रेंडरिंगची सोय नीट चालते आणि रेंडर झपाट्याने होतो. एआयचे प्रयोग करायचे म्हणून ११ जीबीच्या मोहात पडणारे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगते. या चिपमध्ये १६ बिटचं गणित ३२ बिटच्या एक चौसष्टांश वेगाने होतं. आणि २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने, म्हणजे कार्डावर असं गणित चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरने, पास्कलला वगळलं आहे. मेमरी आहे, पण पुढचं सॉफ्टवेअर तिच्यापर्यंत पोचणार नाही.

पायरी ६: वीज आणि उष्णता

२५० उणे १३०, म्हणजे १२० वॅटचा फरक. रोज चार तास जोरात खेळलात तर दिवसाला सुमारे अर्धं युनिट, महिन्याला १४ ते १५ युनिट, वर्षाला १७५ च्या आसपास. आपल्या बिलावरच्या दराने गुणा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतात, त्यामुळे तुमचं घर या काठावर असेल तर ही पंधरा युनिटं महागड्या टप्प्यातली ठरतील. दोन वर्षांचा आकडा काढून तो जुन्या कार्डाच्या किमतीत मिळवा.

आणि ती वीज जाते कुठे? खोलीत. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात लहानशा खोलीत अडीचशे वॅटचं तापतं यंत्र मांडीशेजारी ठेवून बसणं काय असतं, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. १०८० टीआयची कमाल मर्यादा ९१ अंश आहे, पण त्याच्या बरंच आधी, ८४ च्या आसपास, कंपनीचं मूळ मॉडेल स्वतःचा वेग कमी करायला लागतं.

पायरी ७: सेकंडहँड कार्ड हातात घेऊन तपासा

मी एकदा फोटोंवर भरवसा ठेवून कुरिअरने कार्ड मागवलं होतं. पहिली वीस मिनिटं सगळं सुरेख. मग पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले, आणि विकणाऱ्याचा फोन लागेनासा झाला. तेव्हापासून एकच नियम: कार्ड चालू स्थितीत, स्वतःसमोर, अर्धा तास. शक्य असेल तर विकणाऱ्याच्या पीसीवर, नाहीतर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर.

आधी बंद कार्ड पाहा. पॉवरच्या पिना तपकिरी झाल्यात का, प्लास्टिक मऊ पडलंय का. पंखा बोटाने फिरवा, तो खरखरता कामा नये, डुगडुगताही कामा नये. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असणं वाईटच असं नाही, थर्मल पेस्ट बदलली असेल तर तसं होतं, पण विचारा. चिपच्या कडेला चिकट, चकचकीत डाग दिसले तर तिला गरम करून पुन्हा बसवलेली असण्याची शक्यता आहे. असं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी नको. किनारपट्टीवरून आलेलं कार्ड असेल तर पट्टीवरचा गंज आणि पिनांवरची हिरवट झाक बघा. जळका वास नाकाला कळतोच.

मग चालू करून कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. १०८० टीआयसाठी तिथे जीपी१०२ ही चिप, ३५८४ शेडर, ८८ आरओपी, ३५२ बिट बस आणि ११२६४ एमबी मेमरी दिसायला हवी. एक जरी आकडा वेगळा असेल तर हात आखडता घ्या. जुन्या, कमकुवत कार्डाचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला भारी कार्डाचं नाव देणारे लोक आहेत. जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं.

त्यानंतर कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क दहा मिनिटं. तापमान चढून कुठेतरी स्थिर झालं पाहिजे. ते चढतच राहिलं तर पेस्ट किंवा पंखे गेलेत. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, चाचणी चालवा, त्यात शून्य चुका हव्यात. ही चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या अनुभवात रडतात ते मेमरीवरूनच. शेवटी एखादा खरा खेळ पंधरा मिनिटं चालवा, कारण फरमार्कमध्ये भार एकसारखा असतो आणि खेळात तो सारखा वरखाली होतो. सैल पडलेला जोड अशाच वेळी उघडा पडतो.

"मायनिंगला वापरलेलं नाही ना?" हा प्रश्न सगळे विचारतात. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं आणि तेव्हा असंख्य कार्डं बाजारात आली. माझं मत असं आहे की मायनिंगला नुसतं घाबरू नये. पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात, ते बदलता येतात. तुमच्यासाठी वरच्या चाचण्यांचा निकाल महत्त्वाचा, विकणाऱ्याचं उत्तर नाही.

नवं कार्ड घेताना तपासणी सोपी आहे, पण करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात घ्या किंवा ऑनलाइन घ्या, पक्कं बिल मागा, आणि पैसे देण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. बाहेरदेशातून आणलेल्या कार्डाला इथे वॉरंटी मिळत नाही असं पुष्कळदा होतं. वॉरंटी हा नव्या कार्डाच्या किमतीतला मोठा हिस्सा आहे. तीच नसेल तर नव्याचा भाव कशाला द्यायचा?

पायरी ८: आता ठरवा

माझी फूटपट्टी अशी. ड्रायव्हरची साथ संपलेलं वरच्या दर्जाचं कार्ड मला, त्याच्या जागी जे नवं कार्ड घेतलं असतं त्याच्या निम्म्या भावात मिळालं, एसएमपीएस आधीच सक्षम असला, आणि खेळायचे ते खेळ २०२२ च्या आधीचे असले, तरच मी ते घेईन. अशा माणसासाठी १०८० टीआय आजही आनंदाची खरेदी आहे. जीटीए ५, विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २ हे सगळं १४४० पी वर ते सुखाने पेलतं. या तीनपैकी एकही अट मोडली तर नको.

ज्याला एकच कार्ड घेऊन चार-पाच वर्षं काढायची आहेत, अभ्यासाचं कामही त्यावरच करायचं आहे आणि बिघडलं तर पुन्हा पैसे घालायची सोय नाही, त्याने नवं घ्यावं, आणि घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नये. थोडी कळ काढून ४०६० पर्यंत पोचता आलं तर तुलनाच संपते. ते ११५ वॅटमध्ये १०८० टीआयच्या पुढे धावतं. इंटेलचं आर्क बी५८० हाही एक चांगला पर्याय आहे. १२ जीबी मेमरी आणि सेकंदाला ४५६ जीबी, म्हणजे जवळजवळ १०८० टीआयएवढाच रुंद रस्ता. पण त्याला मदरबोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो नसेल तर या कार्डाचा विचार सोडा.

आणि तिसरी वाट, जी भाच्याच्या डोळ्यांसमोरच नव्हती: मधल्या वयाचं मधल्या हुद्द्याचं सेकंडहँड कार्ड. ३०६० चं १२ जीबी किंवा आरएक्स ६६००. पहिल्याला १७० वॅट, दुसऱ्याला १३२. दोन्हींना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आहे, दोन्हींना नवे ड्रायव्हर मिळतात, आणि कधी कधी बिलासकट थोडी वॉरंटीही शिल्लक असते. वेगात पहिलं १०८० टीआयच्या बरोबरीचं, दुसरं फार मागे नाही. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या दहांपैकी सातांना मी हीच वाट दाखवते.

बसवताना थोडंच सांगायचं आहे. आधी जुन्या कार्डाचे ड्रायव्हर डीडीयू या सफाईच्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये पूर्ण काढा. पीसीची वायर भिंतीतून काढून, धातूच्या कॅबिनेटला हात लावून मगच कार्ड धरा. स्लॉटची खिट्टी टक् वाजली पाहिजे. दोन केबल लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीला फुटलेली दोन टोकं नकोत. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावा. हसू नका, महिनाभर पीसीच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर खेळून "कार्ड हळू आहे" म्हणणारे मी पाहिले आहेत. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट मॉनिटरच्या कमाल आकड्यावर गेलाय का ते बघा, तो बरेचदा ६० वरच अडकलेला असतो.

भाच्याची यादी आली तेव्हा मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झ निघाला, एसएमपीएस बऱ्या कंपनीचा पण ४५० वॅटचा, आणि बोर्ड पीसीआयई ३ चा. त्यात त्याला यंदापासून ब्लेंडर शिकायचं आहे. १०८० टीआय एसएमपीएसवर अडलं, ६ जीबीचं ३०५० मेमरीवर. तीन आठवडे शोधून त्याने एका कॉलेजच्या मुलाकडून ३०६० घेतलं, बिलावर वॉरंटीचे सात महिने बाकी असलेलं. चाचणीला मीही गेले होते. व्हीरॅमच्या चुका शून्य, तापमान ७१ वर स्थिर, जीपीयू-झेडमध्ये १२२८८ एमबी. १७० वॅटच्या कार्डाला त्याचा प्रोसेसर धरून ४५० पुरतात का, ते आम्ही घरी आल्यावर तासभर भार देऊन पाहिलं, आणि पुरतात.